संजयाचे डोळे: क्रूझवरची पहाट, सांज आणि फोटो



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ११, श्लोक ९ ते १४ आणि जोडीला अध्याय १८, श्लोक ७४ ते ७७. दोन्ही मिळून दहा श्लोक आहेत. आधी गीता उघडून ते वाचून घ्या, अर्थासकट. मग पुढचं वाचा.

हे दोन तुकडे मी मुद्दाम जोडले आहेत, कारण दोन्हीकडे बोलणारा एकच आहे: संजय. आपण गीता वाचताना श्रीकृष्ण काय म्हणाले आणि अर्जुनाने काय विचारलं इकडे लक्ष देतो. संजय मात्र "संजय उवाच" एवढ्यावरच मागे पडतो. आज त्याच्याकडे बघू.

आणि निमित्त? सुट्ट्यांचा मोसम. नोव्हेंबर-डिसेंबर आला की मला हमखास एक प्रश्न येतो. "दादा, मुंबईहून क्रूझवर चाललोय. सूर्योदय-सूर्यास्ताला डेकवर फोटो काढत बसावं की मोबाईल बाजूला ठेवून शांतपणे नाम घ्यावं?" यावरचं ठरलेलं उत्तर तुम्हाला माहीत आहे: मोबाईल ठेव, क्षण जग. उत्तर चांगलं आहे, पण अपुरं आहे. फोटो काढायचा की नाही याआधी एक प्रश्न येतो: कोणासाठी?

संजय नेमकं काय करत होता?

भीष्मपर्वात युद्ध सुरू होण्याआधी व्यास धृतराष्ट्राकडे येतात. "तुला युद्ध बघायचं असेल तर दृष्टी देतो," म्हणतात. धृतराष्ट्र नको म्हणतो. आपल्याच माणसांचा संहार बघवणार नाही, फक्त ऐकेन, असं त्याचं म्हणणं. मग व्यास ती दृष्टी संजयाला देतात.

आपण गमतीत म्हणतो की संजय म्हणजे जगातलं पहिलं लाइव्ह टेलिकास्ट. पण महाभारतातला क्रम बघा. संजय रणांगणावरून परत येतो तो दहाव्या दिवशी, भीष्म पडले ही बातमी घेऊन. धृतराष्ट्र हादरतो, आणि मग पहिल्यापासून सांग म्हणतो. गीता त्यानंतर येते. म्हणजे संजय जे सांगतोय ते बघून झालेलं आहे, मनात साठवलेलं आहे. तो परत येऊन ते दुसऱ्यासमोर ठेवतोय. आपण प्रवासाहून आल्यावर घरच्यांसमोर फोटो ठेवतो, तसंच काहीसं.

आता अकराव्या अध्यायातले ते सहा श्लोक आठवा. विश्वरूप दिसलं अर्जुनाला. पण त्या तेजाला हजार सूर्यांची उपमा दिली ती अर्जुनाने नाही, संजयाने. आणि ती देतोय कोणाला? ज्याने जन्मात एकही सूर्य पाहिलेला नाही, त्या माणसाला!

इथे मी बराच वेळ थांबलो होतो. न पाहणाऱ्या माणसाला सूर्य कसा सांगायचा? संजय सोडून देत नाही. तो प्रयत्न करतो. आणि त्या उपमेत एक "जर" ठेवतो: आकाशात हजार सूर्य एकदम उगवले तर कदाचित त्या तेजाची बरोबरी होईल. म्हणजे तो सांगतो, आणि आपलं सांगणं मूळ दर्शनापेक्षा कमीच आहे हेही त्याच श्वासात मान्य करतो.

दुसऱ्यासाठी बघणं, त्याच्या नजरेला झेपेल असं मांडणं, आणि मांडलेलं म्हणजे मूळ नव्हे हे न विसरणं. ही संजयाची साधना. क्रूझवर कॅमेरा हातात घेणाऱ्याला याहून चांगला गुरू मिळणार नाही.

बॅलार्ड पिअरहून निघताना

हे सगळं मला पुस्तकात उमगलं नाही, जहाजावर उमगलं. डिसेंबरमध्ये आम्ही चौघं, म्हणजे आई, बाबा, बायको आणि मी, मुंबई-गोवा-लक्षद्वीप क्रूझवर गेलो होतो. बाबा निवृत्त भूगोल शिक्षक. त्यांना काचबिंदू आहे. मोतीबिंदू नव्हे, त्याचं ऑपरेशन होतं आणि दिसायला लागतं. काचबिंदूत डोळ्याची नस खराब होते. बहुतेक वेळा आधी कडेची नजर जाते, आणि गेलेली परत येत नाही. थेंब टाकून उरलेली सांभाळायची, एवढंच हातात असतं. बाबांना आता समोरचं दिसतं, पण नळीतून बघितल्यासारखं. त्यातही अंधूक उजेडात त्यांना फार अडचण होते. म्हणजे पहाट आणि तिन्हीसांज, ज्या दोन वेळांसाठी लोक क्रूझचं तिकीट काढतात, नेमक्या त्याच त्यांच्यासाठी सगळ्यात अवघड.

बॅलार्ड पिअरहून जहाज सुटलं तेव्हा सूर्य उतरत होता. मुंबईचं बंदर शहराच्या पूर्वेला आहे, त्यामुळे तिथून सूर्य समुद्रात बुडताना दिसत नाही, इमारतींच्या मागे जातो. कुलाब्याच्या उंच-सखल इमारती काळ्या होत जातात आणि त्यांच्या मागे आकाश तापलेल्या तांब्यासारखं दिसतं. डेकवर गर्दी. बाबा खुर्चीत, टोपी कपाळावर ओढून.

"सूर्य कुठल्या बाजूला?" त्यांनी विचारलं.

"उजवीकडे, बाबा. थोडा पुढे."

"म्हणजे नैर्ऋत्येला. डिसेंबर आहे, बरोबर." मग थोडं थांबून म्हणाले, "मला आता नुसतं करडं दिसतंय रे. तू बघ नीट. आणि मला दाखव नंतर."

रात्री केबिनमध्ये मी टॅबलेटवर एकच फोटो उघडला, ब्राइटनेस पूर्ण वाढवून. हातभर अंतरावर धरला. जे क्षितिज डेकवर त्यांच्या नजरेत मावत नव्हतं, ते त्या छोट्या चौकटीत अख्खं मावलं. बाबांनी खूप वेळ बघितला. मग बोट ठेवून विचारलं, "डावीकडे ही उभी रेघ काय आहे?"

ते प्रॉन्ग्जचं दीपगृह होतं, कुलाब्याच्या दक्षिण टोकाचं, १८७५ सालचं. सांगितल्यावर बाबा हसले. "हे मी पंचवीस वर्षं नकाशावर दाखवत आलो. आज बघितलं."

मंडळी, मोबाईल बाजूला ठेवा असं मी त्या क्षणी कोणाला सांगू? तो फोटो नसता तर बाबांचा तो सूर्यास्त झालाच नसता.

संध्या म्हणजे सांधा

आता थोडा अभ्यास. दुसऱ्यासाठी बघायचं तर आपण काय बघतोय हे आधी कळायला हवं.

संध्या हा शब्द आपण संध्याकाळपुरता वापरतो, पण संध्या म्हणजे सांधा, जोड. रात्र आणि दिवस जिथे जोडले जातात ती प्रातःसंध्या, दिवस आणि रात्र जिथे जोडले जातात ती सायंसंध्या. परंपरेत सकाळची संध्या आकाशात चांदण्या असतानाच सुरू करणं उत्तम मानलं आहे, आणि संध्याकाळची सूर्य अजून दिसत असताना. कुठल्याही फोटोग्राफरला विचारा, तो हेच वेळापत्रक सांगेल. सकाळी सूर्याच्या आधी पोहोचा, संध्याकाळी सूर्य असताना पोहोचा आणि तो गेल्यावर लगेच उठू नका. कारण खरी जादू सांध्यात असते.

या सांध्याला खगोलशास्त्रात मोजमाप आहे. सूर्य क्षितिजाखाली ६ अंशांपर्यंत असतो तो नागरी संधिप्रकाश, १२ अंशांपर्यंत सागरी, १८ अंशांपर्यंत खगोलीय. सागरी हे नाव खलाशांमुळे पडलं. त्या उजेडात तारेही दिसतात आणि क्षितिजाची रेघही, त्यामुळे ताऱ्यांची उंची मोजून जहाजाची जागा काढता यायची. आपले निळे फोटो साधारण नागरी संधिप्रकाशात मिळतात, आणि मुंबई ते लक्षद्वीप या पट्ट्यात तो जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं टिकतो. विषुववृत्ताच्या जवळ सूर्य जास्त सरळ खाली उतरतो, म्हणून. "गोल्डन अवर" हे नावही आपल्याकडे फसवं आहे. आपल्या अक्षांशांवर तो सोनेरी उजेड अर्धा तासच असतो. नॉर्वेच्या क्रूझचे व्हिडिओ बघून "तासभर वेळ आहे" असं समजू नका.

रंग कुठून येतो? सूर्य क्षितिजावर असताना त्याच्या किरणांना हवेचा फार लांब थर पार करावा लागतो. वाटेत निळा प्रकाश विखुरला जातो आणि पिवळा, केशरी, लाल आपल्यापर्यंत पोहोचतो. तीच हवा किरणांना थोडं वाकवतेही. क्षितिजावर हे वाकणं अर्ध्या अंशाहून किंचित जास्त असतं आणि सूर्याची तबकडी स्वतः साधारण अर्ध्या अंशाची. म्हणजे सूर्याची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते तेव्हा सरळ रेषेच्या हिशेबाने अख्खा सूर्य आधीच क्षितिजाखाली गेलेला असतो! आपण त्याची उचललेली प्रतिमा बघत असतो. खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते, म्हणून मावळता सूर्य चपटा दिसतो. टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत या भागात सव्वादोन मिनिटांच्या आसपास लागतात.

आणखी एक गंमत. जितके उंच उभे राहाल तितकं क्षितिज लांब. पंचवीस मीटर उंचीच्या डेकवरून ते साधारण १८ किलोमीटरवर असतं. त्यामुळे वरच्या डेकवरच्या माणसाला सूर्य खालच्या डेकवरच्यापेक्षा वीस-पंचवीस सेकंद जास्त दिसतो. एकाच जहाजावर दोन सूर्यास्त. "मावळला" असं ठामपणे म्हणण्याआधी आपण कुठल्या मजल्यावर उभे आहोत हे बघावं, असा धडा मी यातून घेतला. ऑफिसच्या मीटिंगमध्येही तो उपयोगी पडतो.

दाखवण्यासाठी फोटो: सहा गोष्टी

बाबांच्या प्रश्नांनी माझी फोटो काढायची पद्धत ठरवली. तुम्हीही कोणासाठी तरी काढत असाल तर या गोष्टी कामाला येतील.

१. बाजू आधी ठरवा. मुंबईहून दक्षिणेला जाताना डावीकडे उजाडतं, उजवीकडे मावळतं. परतताना उलट. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, म्हणून जाताना तो जहाजाच्या पुढच्या अंगाला आणि येताना थोडा मागच्या अंगाला मिळतो. परतीच्या सूर्यास्ताला जहाजाच्या मागे उमटणारा पांढरा फेसाचा पट्टा चौकटीत घेता येतो. वेळाही बघून ठेवा. डिसेंबरच्या मध्याला मुंबईत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सहाच्या सुमाराला मावळतो. लक्षद्वीपात तेव्हा दिवस अर्ध्या तासाने मोठा असतो.

२. लेन्सला बाहेरच्या हवेची सवय होऊ द्या. एसी केबिनमधून थेट दमट डेकवर आलात की लेन्सवर वाफ धरते. कॅमेरा बॅगेत ठेवूनच अर्धा तास आधी बाहेर आणा, मग उघडा. त्या अर्ध्या तासात माळ ओढा. प्रातःसंध्येची वेळ आपोआप साधते. खाऱ्या तुषारांसाठी मऊ, किंचित ओलसर कापड जवळ ठेवा.

३. ट्रायपॉडच्या भरवशावर राहू नका. जहाजाच्या इंजिनाची थरथर डेकमधून ट्रायपॉडमध्ये उतरते, आणि जहाज स्वतः हलत असतं. शटर स्पीड १/२५० किंवा त्याहून वेगवान ठेवा, गरज पडली तर आयएसओ वाढवा. थोडा दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. कठड्याला टेकू नका, तोही थरथरतो. कोपर अंगाशी धरून, गुडघे सैल ठेवून उभे राहा.

४. उजेड आकाशावर मोजा. फोनवर आकाशाच्या उजळ भागावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि एक्स्पोजर लॉक होईल, मग बोट खाली ओढून उजेड थोडा कमी करा. ग्रिड चालू ठेवा. समुद्राची रेघ तिरकी झाली तर पाणी सांडतंय असं वाटतं. मोठी लेन्स लावलेल्या कॅमेऱ्याच्या काचेच्या व्ह्यूफाइंडरमधून वर आलेल्या सूर्याकडे मुळीच बघू नका. डोळे एकदाच मिळतात, हे माझ्या घरात रोज आठवतं.

५. सूर्याकडे पाठही करा. सूर्योदयाच्या आधी पश्चिमेला बघा. क्षितिजालगत एक गडद निळसर पट्टा दिसतो आणि त्याच्यावर गुलाबी. तो गडद पट्टा म्हणजे आपल्याच पृथ्वीची सावली, हवेवर पडलेली. सूर्य वर येतो तशी ती खाली उतरते. सूर्यास्तानंतर हेच पूर्वेला. बाबांना फोटो दाखवला तेव्हा ते म्हणाले, "ग्रहणात चंद्रावर पडते ती हीच. मुलांना मी ग्रहणाची वाट बघायला लावायचो. ही तर रोज असते." सगळा डेक सूर्याकडे तोंड करून उभा होता, पृथ्वीची सावली बघणारं कोणी नव्हतं.

६. फोन एअरप्लेन मोडवर टाका. किनारा सुटला की फोन जहाजाचं उपग्रहावरून चालणारं नेटवर्क पकडू शकतो आणि रोमिंगचं बिल भारी पडू शकतं. शिवाय फोटो काढल्या काढल्या स्टेटसला टाकायचा मोहही जातो. संजयाने आधी पूर्ण बघितलं, मग सांगितलं.

खरं सांगणं

आता यातला नाजूक भाग. हल्लीचे फोन स्वतःहून रंग गडद करतात, आणि नाइट मोड तर तिन्हीसांजेची दुपार करून टाकतो. बाबा फोटो बघताना विचारायचे, "समोर एवढंच लाल आहे का रे?" मी एकदा आकाशाकडे बघायचो, एकदा स्क्रीनकडे, आणि रंग उतरवायचो. व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून डेलाइटवर ठेवला की फोन केशरी रंग पुसतही नाही आणि स्वतःच्या मनाने ओतण्याचं प्रमाणही कमी होतं.

पण एक अडचण होती. पृथ्वीची सावली फार फिकी असते, आणि फिका फरक बाबांना दिसत नाही. तिथे मी कॉन्ट्रास्ट वाढवला, आणि तसं सांगितलं: "बाबा, हे मी तुमच्यासाठी गडद केलंय, खरं याच्या निम्मंच आहे." ते म्हणाले, "चालेल. सांगितलंस ना."

संजयाच्या "जर"चा अर्थ मला इथे कळला. हजार सूर्य हीसुद्धा एक प्रकारची एडिटिंगच. ऐकणाऱ्याला पोहोचावं म्हणून केलेली, आणि ही तुलना आहे हे लपवून न ठेवता केलेली. समोरच्याला दिसावं म्हणून उजेड वाढवणं ही सेवा. नसलेले ढग एआयने चिकटवणं आणि "नो फिल्टर" लिहिणं हे खोटं. दोन्हींत बोट एकाच बटणावर फिरतं, पण आपण कोणासाठी फिरवतोय यावर सगळं ठरतं.

संजयाचं खरेपण आणखी एका ठिकाणी दिसतं. तो धृतराष्ट्राच्या पदरी होता, तरी राजाला आवडेल ते त्याने सांगितलं नाही. गीतेच्या शेवटच्या श्लोकात विजय कोणाच्या बाजूला आहे हे तो राजाच्या तोंडावर सांगतो. आपल्या फोटोंना लाइक देणारे आपले राजे झालेत का, हे ज्याने त्याने तपासावं.

ऐकूनही न हलणारा

इथे बाबा आणि धृतराष्ट्र यांची तुलना संपते. धृतराष्ट्राला दृष्टी मिळत होती, त्याने ती नाकारली. पुढे संजयाने सगळं सांगितलं तरी तो आतून हलला नाही. ज्ञानेश्वरीत नवव्या अध्यायाच्या शेवटी माउलींनी याचं मार्मिक चित्र उभं केलंय: सांगणारा संजय भावाने भरून आलेला, आणि ऐकणारा म्हातारा राजा पाण्यात बसून राहिलेल्या रेड्यासारखा ढिम्म.

बाबांचं उलट. त्यांना नजर कमी आणि बघण्याची ओढ जास्त. डेकवर चांगल्या डोळ्यांची शेकडो माणसं होती, त्यांतली कितीतरी सूर्याकडे पाठ करून स्वतःचाच चेहरा स्क्रीनमध्ये बघत होती. त्यांना हसायचं कारण नाही. डोळे असणं आणि बघणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढंच आपण स्वतःपुरतं लक्षात घ्यावं.

लक्षद्वीपला पोहोचलो ती पहाट. ही प्रवाळांची बेटं. एकूण ३६, जमीन सगळी मिळून ३२ चौरस किलोमीटरच्या आसपास, वस्ती दहांवर. मोठी जहाजं खडकांच्या कड्याबाहेर उभी राहतात आणि लहान बोटींतून बेटावर जावं लागतं. बेटं इतकी बुटकी की लांबून जमीन दिसतच नाही. आधी क्षितिजावर माडांचे शेंडे उमटतात, मग बुंधे, मग वाळूची रेघ. मी दर काही मिनिटांनी एकेक फोटो घेतला आणि नाश्त्याच्या वेळी बाबांना तेच चार फोटो क्रमाने दाखवले. पृथ्वी गोल असल्याचा पुरावा म्हणून ते मुलांना जहाजाची शिडं आधी दिसतात हे शिकवत आले होते. इथे आम्ही जहाजावर होतो आणि शिडांच्या जागी माड होते.

फोटो बघून झाल्यावर ते सहज म्हणाले, "पुढच्या वर्षी यातलं किती दिसेल, सांगता येत नाही. आत्ता जे दाखवशील ते मला नंतर आठवायला पुरवायचंय."

आई चहा ढवळत होती, ती थांबली. कोणी काही बोललं नाही. मला अठराव्या अध्यायातले ते श्लोक आठवले. संजय म्हणतो की तो संवाद आणि हरीचं ते अद्भुत रूप पुन्हा पुन्हा आठवून मी पुन्हा पुन्हा आनंदतो. बघणं एकदाच झालं होतं. पण आठवणं आणि त्यातला आनंद थांबत नाही. मी तोवर या श्लोकांकडे गीतेचा समारोप म्हणून बघत होतो. बाबांसाठी ते पुढच्या आयुष्याचं नियोजन होतं.

प्रसाद किती आणायचा?

मग प्रश्न उरतो संख्येचा. पंढरपूरहून कोणी आलं की प्रसाद आणतं. किती? चार चिरमुरे, साखरफुटाण्याचे दोन दाणे, चिमूटभर बुक्का. पोतं भरून कोणी आणत नाही. जे येऊ शकले नाहीत त्यांच्यापर्यंत दर्शनाचा अंश पोहोचावा, एवढंच त्याचं काम. पण तो आठवणीने आणतात आणि आधी दुसऱ्याच्या हातावर ठेवतात.

फोटो हा प्रसाद मानला की बरेच प्रश्न आपोआप सुटतात. नऊशे फोटो कशाला? एका संध्येचे दोन पुरेत. सूर्य टेकण्याआधी एक, सूर्य गेल्यावरच्या निळ्या उजेडात एक. मधली सव्वादोन मिनिटं कॅमेरा खाली. ती नामाची. कारण आपण स्वतः बघितलंच नसेल तर दाखवणार काय? प्रसाद वाटणाऱ्याने आधी दर्शन घेतलेलं असावं लागतं.

आम्ही घरी आल्यावर सहा फोटो मोठे छापून घेतले, चकाकी नसलेल्या कागदावर, म्हणजे दिव्याची तिरीप बाबांच्या डोळ्यांवर येत नाही. प्रत्येकाच्या मागे तारीख, वेळ आणि दिशा लिहिली आहे. हा बाबांचा हट्ट. दिशा नसलेला फोटो त्यांना अर्धवट वाटतो.

आजचा संकल्प

१. आज सूर्यास्ताला, ऑफिसच्या गच्चीवर असा, लोकलच्या दारात (जपून!) किंवा बाल्कनीत, सूर्य टेकल्यापासून बुडेपर्यंत फोन खिशात ठेवा आणि नाम घ्या.

२. त्यानंतर एकच फोटो काढा. आधी मनात एक नाव ठरवा, ज्याला हे आज दिसलं नाही. अंथरुणाला खिळलेली आजी, रात्रपाळीची मैत्रीण, परदेशातला भाऊ. फक्त त्या व्यक्तीला पाठवा. सोबत दोन ओळी लिहा: किती वाजता, कुठल्या दिशेला, आणि फोटोत काय आलं नाही. वारा, वास, आवाज.

३. घरात कोणाला काचबिंदू असेल तर स्वतःच्या डोळ्यांचा दाब आणि नस या महिन्यात तपासून घ्या. रक्ताच्या नात्यात असला तर धोका जास्त असतो, आणि सुरुवातीला तो काहीच जाणवू देत नाही. माझी तपासणी झाली, आता दर वर्षी करायची आहे. शरीर हे साधन आहे असं आपण रोज म्हणतो, मग साधनाची निगाही राखूया.

४. अध्याय ११ मधले ते सहा श्लोक आज कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. स्वतःशी नको. संजयाने जे केलं ते करून बघा.

देवा, आम्हाला दिलेले डोळे फक्त आमच्यापुरते राहू देऊ नकोस.

उद्याचं वाचन: अध्याय १२, श्लोक १३ आणि १४. भेटूया.

राम कृष्ण हरी!